तंबूतली बीन

नगर जिल्ह्यात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही माणसापुढे 'नागीन' सिनेमाचं नाव काढा, साप निघतोच. तो पडद्याखालून निघाला की बायकांच्या बाजूने, नाग होता की साधी धामण, सोडून दिला की ठेचला, यावर मतभेद असतात. निघाला याविषयी नसतात.

आमचे आण्णा, म्हणजे माझे आजोबा, पाथर्डीकडचे. त्यांच्या गोष्टीत साप यात्रेतल्या तंबूत निघाला. बीन सुरू झाली आणि पडद्याच्या पुढ्यात, मातीतच, फडा काढून डुलायला लागला. "मपल्या डोळ्यांनी पाह्यलाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आत्याबाई राहुरीला दिलेल्या. त्यांच्या मते तो साप राहुरीकडच्या तंबूतला, आणि आण्णांनी तो ऐकून आपल्या यात्रेत नेला. दोघं समोरासमोर बसली की साप इकडून तिकडे जायचा. मी एकदा आण्णांना नीट खोदून विचारलं तेव्हा ते जरा नरमले. "मी त्या दिवशी नव्हतो रं. आदल्या दिवशी पाह्यला मी शिनेमा. पर लोकं काय खोटं सांगत्यात का?" पुढे मी ही गोष्ट जिथे जिथे ऐकली तिथे तिथे हेच आढळलं. साप नेहमी शेजारच्या गावात किंवा दुसऱ्याच कुठल्या खेळाला निघालेला असतो.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. पण या गोष्टी नगरच्या आहेत, आणि सांगणारे अजून "नगरला चाललो" असंच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहितो.

सिनेमा १९५४चा. फिल्मिस्तानचा, नंदलाल जसवंतलाल यांनी दिग्दर्शित केलेला. वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार. संगीत हेमंतकुमारांचं, गाणी लताबाईंची. मुंबईत लागला तेव्हा तो आमच्याकडे लागला असं मुळीच नाही. घासलेली, जोड दिलेली प्रिंट दोनतीन वर्षांनी तंबूवाल्यांच्या हाती यायची आणि मग ती वर्षानुवर्षं यात्रा करत फिरायची. आण्णांनी 'नागीन' किती वेळा पाहिला हे त्यांना सांगता येत नसे. कथा मात्र त्यांना प्रत्येक वेळी थोडी वेगळी आठवे, कारण मधली रिळं कुठे कमी, कुठे उलटसुलट लागलेली असत.

तंबूचं वर्णन करताना आत्याबाई खुलायच्या. दुपारी बैलगाडीला दोन्ही बाजूंनी पोस्टरचे बोर्ड बांधून कर्णा ओरडत गावातून फिरे. संध्याकाळी पडीक रानात कनाती उभ्या राहत. मधोमध पडदा, एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बाया. म्हणजे एका बाजूला सगळं उलटं दिसायचं, प्रदीपकुमार डावखुरा व्हायचा आणि पडद्यावरची अक्षरं आरशात पाहिल्यासारखी. वाचता कुणाला येत होतं, हा आत्याबाईंचा सवाल. बसायला जमीन. घरून पोतं न्यायचं. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की अंधार, शिट्ट्या, पोरांची रडारड, मग पुन्हा सुरू. आणि तंबूच्या मागे इंजिन. सगळ्या म्हाताऱ्यांच्या गोष्टीत हे इंजिन आहेच. त्याची धडधड बसल्याजागी मांडीखाली जाणवायची. कित्येकांनी विजेचा दिवा आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो तंबूच्या तिकीट खिडकीवर, या इंजिनावर लागलेला.

हे मला महत्त्वाचं वाटतं. १९५०मध्ये प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते. त्या भागात यंत्रं, ट्रक, दिवे आले. पण पाथर्डी, जामखेडकडची वाड्यावस्त्यांवरची माणसं तेव्हा आणि नंतरही पुष्कळ वर्षं कंदिलावरच होती. अशा माणसांनी तंबूत बसून जी बीन ऐकली, ऐकून ज्यांच्या अंगावर काटा आला, जिच्यामुळे साप निघाला अशी त्यांची आजन्म खात्री राहिली, ती बीन नव्हतीच. ते विजेवर चालणारं वाद्य होतं. काचेच्या व्हॉल्व्हमधून निघालेला सूर. आमच्या गावांना वीज यायच्या आधी तिचा आवाज येऊन गेला होता, आणि तो त्यांनी भोपळ्याच्या पुंगीचा म्हणून ओळखला होता.

वाजवणारा कोण, हे आण्णांच्या पिढीत कुणी फारसं विचारलं नाही. विचारलंच तर उत्तरं तयार होती. उत्तरेकडचा एक गारुडी मुंबईला नेला होता. त्याने स्टुडिओत बीन वाजवली तेव्हा तिथेही नाग आला. एका गोष्टीत तर तो गारुडी नाग डसूनच मेला, म्हणून तसली बीन पुन्हा कुणाला जमली नाही. ही शेवटची गोष्ट मला नेवाशाच्या बाजारात एका रसवंतीवाल्याने सांगितली, इतक्या गांभीर्याने की मी त्याला पुढे काही विचारलं नाही.

गारुडी आमच्याकडे नवखे नव्हते. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा भरते. गाढवांचा बाजार, भटक्या जमातींचे मेळे, त्यांच्या जातपंचायती यांसाठी मढी ओळखली जाई. राजस्थानातले कालबेलिये, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या साप आणि पुंगी घेऊन फिरलेली जमात, आपली परंपरा याच नाथाशी, त्यांच्या बोलीतल्या कानिपानाथाशी जोडतात. तेव्हा सापवाल्यांचा गुरू आमच्याच डोंगरावर असताना सिनेमातली बीन खऱ्या गारुड्याने वाजवली असेल असं लोकांना वाटलं, यात भाबडेपणा काही नाही. मला तर तो बऱ्यापैकी तर्कशुद्ध अंदाज वाटतो. फक्त चुकीचा.

वाजवणारा किराणा दुकानदाराचा मुलगा होता. कल्याणजी वीरजी शाह, जन्म ३० जून १९२८, कच्छमधल्या कुंदरोडीचा. कुटुंब मुंबईला आलं, गिरगावात वाढलं, दुकान टाकलं. असं सांगतात की एका गिऱ्हाइकाची उधारी थकली. पैसे देणं जमेना म्हणून त्याने बिलाच्या बदल्यात दुकानदाराच्या पोरांना गाणं शिकवलं. शिकवणाऱ्याला स्वतःला किती येत होतं याबद्दल भावांनीच पुढे विनोद केलेले आहेत. नगरच्या कापडबाजारात किंवा दाळमंडईत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट खोटी वाटणार नाही. उधारी वसूल करण्याचे याहून अजब प्रकार तिथे झालेले आहेत. पुढे कल्याणजींनी 'कल्याणजी वीरजी अँड पार्टी' नावाचा ऑर्केस्ट्रा काढला, आणि त्यांच्या हाती हे नवं वाद्य आलं: क्लेव्हायोलिन.

फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन नावाच्या माणसाने ते १९४७मध्ये बनवलं. तीन सप्तकांच्या पट्ट्यांची एक पेटी, आणि तिला तारेने जोडलेला वेगळा डबा, त्यात अँप्लिफायर आणि स्पीकर. पियानोवाल्याने ती पेटी पियानोच्या पट्ट्यांखाली अडकवायची, डाव्या हाताने पियानो आणि उजव्याने हिच्यावर व्हायोलिन, सनई, ट्रम्पेट यांचे आवाज काढायचे, अशी मूळ कल्पना. पुढच्या फळीवर खटके असतात. एक खटका आवाजाचा पोत बदलतो, दुसरा सुराला कंप देतो, तिसरा सगळं सप्तकभर वर किंवा खाली नेतो. आवाज लहानमोठा करायचा तो गुडघ्याने, खालच्या एका दांडीवर दाब देऊन. इंग्लंडात सेल्मर कंपनीने ती विकली, अमेरिकेत गिब्सनने.

या वाद्याची एक मर्यादा होती. पोटात सूर निर्माण करणारी यंत्रणा एकच. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी सूर एकच निघणार. पाश्चात्त्य वादकाला हा मोठाच अडसर; त्याचं सगळं संगीत एका वेळी तीन-चार सुरांच्या गुच्छांवर उभं. आपल्याकडे कुणाला तो अडसर वाटायचं कारणच नव्हतं. इथे गाणारा एका वेळी एकच सूर लावतो आणि त्यातच जन्म काढतो. त्यातून पुंगीची जात अशी की तिच्यात दम तुटत नाही. गारुडी गालात हवा साठवून ठेवतो, नाकाने श्वास घेत राहतो, भोपळ्याच्या आतल्या जिभाळ्या अखंड वाजत राहतात. एका नळीवर चाल आणि दुसरीवर खर्ज. सूर सुटा होत नाही, नुसता वळतो. पियानोची पट्टी दाबली की आवाज उमटून विरत जातो. क्लेव्हायोलिनची पट्टी दाबून धरली की जोवर बोट आहे तोवर सूर तसाच, तितकाच. बोट सरकवलं की एका सुरातून दुसऱ्यात, मध्ये फट नाही. आणि आवाजाचा पोत नाकातला, थोडा कर्कश, जिभाळीच्या वाद्यासारखा. सनई-ट्रम्पेटची नक्कल म्हणून केलेलं हे यंत्र पुंगीची नक्कल त्याहून चांगली करतं, हे पॅरिसजवळच्या कारखान्यात कुणाच्या स्वप्नातही आलं नसणार. ते ओळखलं गिरगावातल्या पोराने.

एकट्या क्लेव्हायोलिनवर मात्र काम भागलं नाही. हेमंतकुमारांचे साहाय्यक होते रवी, पुढे 'चौदहवीं का चांद' आणि 'वक्त'चे संगीतकार झालेले. ते हार्मोनियमवर होते. 'नागीन'ची बीन म्हणजे रवींची पेटी आणि कल्याणजींचं क्लेव्हायोलिन, दोन्ही एकत्र. कुणी सगळं श्रेय एकाला देतो, कुणी दुसऱ्याला. मला यातला योगायोग जास्त आवडतो. रवी दिल्लीहून आलेले, पोटापाण्यासाठी इलेक्ट्रिशियनचं काम केलेले. म्हणजे वायरमन हवेच्या पेटीवर आणि वाणी विजेच्या पेटीवर! दोघं मिळून पुंगी वाजवतायत, संगीतकार बंगाली, नाचणारी मद्रासकडची, आणि राहुरीच्या पडीक रानात बाया कनातीत दुधाची वाटी घेऊन बसलेल्या. हो, दुधाची वाटी. आत्याबाई सांगायच्या की त्यांच्या सासूबाईंनी लाह्या आणि दूध नेलं होतं, आलाच नागोबा तर उपाशी जाऊ नये म्हणून. नाग आला नाही. दूध मध्यंतरात पोरांनी संपवलं.

हेमंतकुमारांना 'नागीन'च्या संगीतासाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. ते योग्यच होतं, चाली त्यांच्या. वादकांना त्या काळी पारितोषिकं नव्हतीच, आणि श्रेयनामावलीत बहुधा त्यांची नावंही नसत. कल्याणजी सुदैवी, म्हणजे जिद्दीचे. ते वादकाच्या खुर्चीत फार दिवस बसले नाहीत. १९५८ला 'सम्राट चंद्रगुप्त'चं संगीत स्वतःच्या नावाने दिलं. लगेच धाकटे भाऊ आनंदजी पूर्णपणे सोबत आले, आणि ५९च्या 'मदारी' वगैरेपासून जोडीचं नाव पडद्यावर लागलं. मग 'उपकार', 'सरस्वतीचंद्र' (त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार), 'कोरा कागज', 'डॉन', अडीचशेवर चित्रपट, १९९२ला पद्मश्री. त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून घडलेल्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी १९७६च्या 'नागिन'ला आणि १९८६च्या 'नगीना'ला संगीत दिलं. हिंदी सिनेमातल्या नागिणींचा सगळा वारसा असा एकाच घराण्यातून फिरला. २४ ऑगस्ट २०००ला कल्याणजी गेले. त्यांच्यावरच्या मृत्युलेखांत 'नागीन'ची बीन असणारच होती, आणि ती होती. हे भाग्य क्वचित वादकांच्या वाट्याला येतं, आणि त्यांच्याही वाट्याला आलं ते पुढे संगीतकार झाले म्हणून. नुसते वादक राहिले असते तर रसवंतीवाल्याचा मेलेला गारुडीच खरा ठरला असता.

या वाद्याचा बाहेरचा प्रवासही मजेशीर आहे. १९६२मध्ये अमेरिकेने टेलस्टार नावाचा उपग्रह सोडला. त्याच नावाची एक धून इंग्लंडात जो मीक नावाच्या ध्वनिमुद्रकाने काढली, टॉर्नेडोज या बँडकडून वाजवून घेऊन. त्यात मुख्य चाल क्लेव्हायोलिनवर. अमेरिकेतल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेली ती ब्रिटिश बँडची पहिली तबकडी. म्हणजे तोच खटका, तीच पट्टी, तोच नाकातला सूर. तिकडच्या पोरांना त्यात अंतराळ ऐकू आलं आणि इकडे वारूळ. १९६७मध्ये बीटल्सच्या एका गाण्यात जॉन लेनननेही ते वाजवलं आहे, आणि त्या गाण्यातला तो भाग आमच्याकडच्या माणसाला ऐकवला तर तो हमखास म्हणेल, हा गारुडी कुठला?

नगरचा आणि विजेच्या वाद्यांचा एक दुवा आणखी आहे. विषयांतर होईल, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. नगर शहराबाहेर अरणगावला मेहेराबाद आहे, अवतार मेहेरबाबांची समाधी. १० जुलै १९२५ला त्यांनी तिथे मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. त्यांचा एक भक्त पीट टाउनसेंड, 'द हू' या बँडचा गिटारवादक. जगातल्या सर्वांत कर्णकर्कश बँडपैकी तो एक. १९७१च्या त्यांच्या तबकडीतलं पहिलं गाणं मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली या दोघांच्या नावांचा जोड करून ठेवलेलं आहे. मेहेरबाबांच्या शरीराची, स्वभावाची माहिती सिंथेसायझरमध्ये भरली तर कसलं संगीत निघेल, असा विचार टाउनसेंडच्या मनात होता. शेवटी सुरुवातीचे ते गरगरणारे सूर एका घरगुती इलेक्ट्रिक ऑर्गनमधून निघाले. जवळपास चव्वेचाळीस वर्षं न बोललेल्या माणसाचा आवाज शोधायला निघालेला हा भक्त अरणगावातल्या कितीजणांना ठाऊक असेल? मी विचारून पाहिलं. एका रिक्षावाल्याला ठाऊक होता, आणि त्याला गाणंही आवडत नव्हतं.

परत सापाकडे येऊ. सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदा नाही. जमिनीतली थरथर त्याला जबड्याच्या हाडातून कळते, आणि हवेतले खालच्या पट्टीतले आवाज थोडेफार. गारुड्याच्या समोर नाग डुलतो तो पुंगीच्या सुराला नव्हे, तिच्या हलण्याला. समोर हलणाऱ्या वस्तूवर त्याची नजर असते, ती धोका वाटते. मग तंबूत साप निघाले की नाही? मी हे एका जुन्या ऑपरेटरना विचारलं. तंबू, मशीन, ट्रक यांत त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. ते हसले. "निघायचे की. 'नागीन'ला निघायचे, 'मदर इंडिया'ला निघायचे, 'श्यामची आई'लाही निघाला होता. अहो, पडीक रान, त्यात दिवसभर खुंट ठोकलेले, इंजिन चालू, लोकांनी शेंगांची टरफलं टाकलेली, त्याला उंदीर आलेले. साप येईल नाहीतर काय हत्ती येईल? पण 'श्यामची आई'ला निघालेला साप कोण लक्षात ठेवतो?" इतकं चोख स्पष्टीकरण मला सापांवरच्या पुस्तकांतही मिळालं नाही. आण्णा तेव्हा नव्हते. असते तर त्यांना ते पटलं नसतं.

तंबू सिनेमा पुढे आटत गेला. तो शेवटचे श्वास मोजत असताना शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधून वर्षानुवर्षं हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो २०१६ला कान महोत्सवात गेला आणि तिथे त्याची खास दखल घेतली गेली. आमच्याकडच्या माणसांनी तो क्वचितच पाहिला.

आण्णांची एक तक्रार मात्र मी तेव्हा हसण्यावारी नेली आणि आता ती मला सगळ्यात मोलाची साक्ष वाटते. ते म्हणायचे, "शिनेमाच्या आधी गारुडी वाजवायचे ती बीन निराळी होती. एकाच ठिकाणी घुमायची. चाल अशी नव्हतीच तिला." मी लहानपणी आठवडी बाजारात गारुडी पाहिले. टोपली उघडायची, मुंगसाला दोरी, आणि पुंगीवर हमखास 'नागीन'. दुसरं काही मी कधी ऐकलं नाही. यंत्राने पुंगीची नक्कल केली, आणि दोनेक दशकांत पुंगी त्या यंत्राची नक्कल करू लागली. पोट त्यावरच होतं. लोक तीच चाल मागत, ती वाजवली नाही तर पैसा पडत नसे. त्यामुळे जुनी बीन कशी होती हे सांगणारे गारुडीही राहिले नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप बाळगणं गुन्हा ठरला. कायदा कडक व्हायला वेळ लागला, पण हळूहळू टोपल्या गेल्या. सापांच्या बाजूने पाहिलं तर ठीकच झालं. दात उपटलेल्या, तोंड शिवलेल्या नागांचे हाल पाहिलेला माणूस हळहळणार नाही. पण गारुड्यांच्या हातातलं वाद्य टोपलीबरोबरच गेलं, आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवावं असं आपल्यापैकी फार थोड्यांना सुचलं.

चाल मात्र वरातीत शिरली. आधी बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटवर, मग बेंजोवर. ऐंशी-नव्वदच्या सुमारास लहान इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आले आणि कुठल्याही कंपनीचा असला तरी आमच्याकडे तो 'कॅसिओ'च झाला. नगर जिल्ह्यातल्या लग्नसराईत, एप्रिल-मेच्या उन्हात, मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंतच्या फर्लांगभर वाटेत तास-तास वरात अडते ती या एका चालीपाशी. नवऱ्याचा एखादा मावसभाऊ दातात रुमाल धरतो, दुसरा रस्त्यात आडवा पडून फणा काढतो, आणि गाडीत जनरेटरच्या शेजारी घामाघूम बसलेला कॅसिओवाला एका हाताने चाल आणि दुसऱ्याने सूर वाकवायचं चाक फिरवत राहतो. त्याच्या वाद्यात शंभर आवाज आहेत. तो बीनेसाठी निवडतो तो नेमका क्लेव्हायोलिनच्या जवळ जाणारा. त्याला ते नाव ठाऊक नाही. कान बरोबर सांगतो.

या कॅसिओवाल्यांपैकी काही फार तयारीचे असतात. दिवसा वरात, रात्री ऑर्केस्ट्रा, सप्ताहात हरिपाठाला पेटी, नवरात्रात मोहटादेवीच्या वाटेवर जागरण. चार तऱ्हेचं संगीत चार तऱ्हेच्या पट्टीत, लिहिलेला एक सूरही समोर नसताना. बँडच्या गाडीवर दोन्ही बाजूंनी मालकाचं नाव रंगवलेलं असतं, गावासकट आणि फोन नंबरासकट. वाजवणाऱ्याचं कुठेच नसतं. लग्नपत्रिकेवर चुलत चुलत्यांपासून सगळ्यांची नावं छापणारे आम्ही लोक, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत सगळं छापतो. ज्याच्यामुळे वरात तासभर नाचली तो आमच्या लेखी 'बँडवाला'.

म्हणून वाचणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पुढच्या लग्नात वरात मांडवापाशी पोचली की कॅसिओवाल्याला पाणी देताना त्याचं नाव, गाव आणि गुरू विचारा, आणि लग्नाच्या व्हिडिओत ते बोलून ठेवा. आणि घरात कुणाकडे तंबू सिनेमाची हँडबिलं, तिकिटं, परवान्याचे कागद किंवा जुन्या ऑर्केस्ट्राचे फोटो असतील तर ते रद्दीत घालू नका. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना ते दाखवा आणि कोण काय वाजवत होतं, मशीन कोण चालवत होतं, ते मागच्या कोऱ्या बाजूला पेनने लिहून घ्या.